हरिकेनचं मॉडेल: आधी पाय, मग पंख

दुसऱ्या महायुद्धातलं विमान बांधायचं म्हटलं की बहुतेकांचा हात स्पिटफायरच्या नकाशाकडे जातो. ते देखणं आहेच, पण त्याची चाकं धडाजवळून निघून बाहेरच्या अंगाला दुमडतात, त्यामुळे जमिनीवर ते डुलतं. पहिलं मोठं रिमोट कंट्रोल मॉडेल हॉकर हरिकेनचं करा. त्याची चाकं आत दुमडतात, म्हणून उघडल्यावर एकमेकांपासून लांब उभी राहतात. मूळ विमानाच्या मागच्या धडावर लाकडी पट्ट्या आणि वर कापड होतं. हलक्या बाल्सा लाकडात ते छान उतरतं. 1944 साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांची 1 नंबर स्क्वाड्रन हीच विमानं उडवत होती, तेव्हा रंगही आपल्याच हवाई दलाचे देता येतात.

मूळ पंखपसारा 12.19 मीटर, 1:6 मापात 203 सेंमी. तयार वजन 7 किलोच्या आसपास ठेवा. 8 च्या पुढे गेलं की उतरतानाचा वेग वाढतो आणि त्याची किंमत लँडिंग गिअर, म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, मोजतो. नागपुरात मे महिन्यात 45 अंशाला हवा पातळ झालेली असते, विमान एरवीपेक्षा वेगातच टेकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पंख पूर्ण करून मग त्यात गिअर बसवायला जागा कोरणं. रिट्रॅक्ट, म्हणजे चाकं दुमडणारी यंत्रणा, आधी विकत घ्या, हातात धरून मापं घ्या, मगच रिब (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) कापा. 8 ते 10 किलोच्या विमानासाठी बनवलेला इलेक्ट्रिक संच बरा. हवेवर चालणाऱ्यात धुळीनं ओ-रिंग खराब होतात आणि हवा गळते.

गिअर ज्या पाटीवर बसतो ती 6 मिमी बर्च प्लायची असावी. साधा फर्निचरचा प्लाय नको, त्याचे थर सुटतात. पाटीच्या दोन्ही बाजूंच्या रिब 3 मिमी प्लायच्या करा आणि पाटी मुख्य स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याला, जोडा. नुसत्या बाल्सा रिबला चिकटवलेली पाटी पहिल्याच आपटीत मागं उखडते, कारण लांब स्ट्रट (चाकाचा दांडा) तरफेसारखा ओढतो. लाकडी स्क्रू नकोत. एम4 बोल्ट आणि पाटीच्या मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारा नट). जोड 30 मिनिटांच्या इपॉक्सीनं करा. उन्हाळ्यात तो तीस मिनिटं टिकत नाही, म्हणून थोडा-थोडा कालवा आणि काम सकाळी उरका.

आता चाकाची जागा. विमान उडताना असतं तसं समतल धरा. गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या (पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी) 25 ते 28 टक्क्यांवर हवा. ही कॉर्ड इथं साधारण 32.5 सेंमी, म्हणजे तिच्या पुढच्या कडेपासून 8 ते 9 सेंमी. त्या बिंदूपासून चाक जिथं जमिनीला टेकतं तिथवर रेघ काढा. ती उभ्या रेषेच्या 15 ते 20 अंश पुढं झुकलेली हवी. कमी झुकली तर ब्रेक लागताच किंवा गवतात अडकताच विमान नाकावर उलटतं आणि प्रोपेलर जातो. जास्त झुकली तर टेकताना उसळतं. चाकं सरळ समोर, फार तर 1 अंश आत वळलेली. बाहेर वळलेलं चाक विमानाला गिरकी घ्यायला लावतं.

स्ट्रट फिरू नये म्हणून त्याच्या पिनवर कानशीनं सपाट जागा करा, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) तिथंच बसवा आणि थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा द्रव) लावा. स्ट्रटची स्प्रिंग विमानाच्या वजनानं तिच्या पूर्ण दबण्याच्या एक तृतीयांश दबावी. अगदीच कडक असेल तर सगळा धक्का पाटीवर जातो.

बरेच इलेक्ट्रिक कंट्रोलर मोटरचा करंट वाढला की गिअर टोकाला पोचला असं धरून थांबतात. चाकाच्या खाचेचं दार किंवा टायर कुठं घासला की गिअर अर्धवट उघडून थांबतो, लॉक लागत नाही आणि टेकताच पाय दुमडतो. म्हणून विमान उलटं ठेवून गिअर पन्नासदा आत-बाहेर करा, मग सुलटं, चाकं अधांतरी ठेवून तितक्याच वेळा. गिअरला वेगळी बॅटरी द्या.

उडवायला काळ्या मातीचं वावर टाळा. उन्हाळ्यात भेगांत चाक फसतं, पावसानंतर माती चाकाला लगडते. मुरूम दाबून केलेली पट्टी सर्वांत बरी. 7 किलोचं मॉडेल ड्रोन नियम 2021 च्या स्मॉल वर्गात, म्हणजे 2 ते 25 किलोंत मोडतं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या जवळपास तर मुळीच नको, आणि जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा पाहा. पहिली एक-दोन उड्डाणं गिअर खालीच ठेवून करा.