महासत्तेच्या मदतीचा करार कसा वाचावा

महासत्ता आणि नवस्वतंत्र देश यांचे संबंध अभ्यासायचे असतील, तर नेत्यांच्या भाषणांआधी कराराच्या अटी हाती घ्याव्यात. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून सुरुवात करावी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी त्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूरच होती.

सर्वप्रथम परतफेडीची अट शोधावी. भिलाईच्या कर्जावर अडीच टक्के व्याज होते आणि ते बारा वार्षिक हप्त्यांत, रुपयांत फेडायचे होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही सवलत किती मोलाची होती, हे इथे थांबून नीट समजून घ्यावे, कारण माझ्या मते संबंधांचे खरे स्वरूप व्याजदरापेक्षा चलनाच्या अटीत अधिक स्पष्ट दिसते. कारखान्याची मालकी कोणाकडे राहिली, हेही पाहावे. भिलाईत ती भारत सरकारकडेच होती.

मग दुसऱ्या महासत्तेशी तुलना करावी. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नधान्य मदत योजनेतील गव्हाची किंमतही रुपयांतच चुकती होत असे, परंतु १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडा थोडा, अल्प मुदतीच्या मंजुरीनेच सोडला. म्हणून अटींसोबत पुरवठ्याच्या तारखाही तपासाव्यात आणि त्या काळातील धोरणविषयक मतभेदांशी, विशेषतः शेतीधोरण व व्हिएतनाम युद्धाशी, ताडून पाहाव्यात.