हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? कुठं कुठला टाकायचा

स्पर्धा परीक्षा करणारी आपल्या सांगलीकडची पोरं इंग्रजी निबंधात हे दोन शब्द अंदाजपंचे टाकतात, कारण मराठीत दोन्हीला आपण ऐतिहासिकच म्हणतो, मग घोळ होणारच की.

तर करायचं असं, वाक्यात त्या जागी आधी 'इतिहासात नोंद व्हावी एवढं मोठं' हे टाकून बघायचं, बसलं तर हिस्टॉरिक. नाही बसलं आणि 'इतिहासाबद्दलचं' किंवा नुसतं 'मागच्या काळातलं' बसतंय, तर हिस्टॉरिकल, म्हणजे शेवटी ए-एल असलेला. ह्या दुसऱ्यात मोठेपणा असलाच पाहिजे असं काही नाही, आणि नेमकं हेच लोकं विसरतात.

आता मार्केट यार्डातल्या हळदीचंच घ्या. मागच्या दहा वर्षांचे भाव काढले तर ते हिस्टॉरिकल प्राइसेस, मग त्यात पडेल भाव पण आले. पण उद्या हळदीनं आजवरचे सगळे भाव मोडले तर पेपरवाला लिहिणार 'हिस्टॉरिक हाय', म्हणजे विक्रमी उच्चांक. आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचं पण तसंच, दरवर्षीचे आकडे हिस्टॉरिकल डेटा, ज्या वर्षी पाऊसच झाला नाही त्या वर्षीचा आकडासुद्धा, आणि 2019 चा महापूर मात्र हिस्टॉरिक.

सगळ्यात भारी उदाहरण नाटकाचं आहे राव. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सांगलीत सीता स्वयंवर केलं, मराठी रंगभूमीची सुरुवात तिथनं धरतात, म्हणजे तो प्रयोग शंभर टक्के हिस्टॉरिक. पण त्याला हिस्टॉरिकल प्ले म्हणलं की गडबड, कारण कथा रामायणातली, नाटक पौराणिक. उलट गॅदरिंगला पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन संभाजी महाराजांवर नाटक बसवलं, मधेच एकाची मिशी पडली, तरी ते हिस्टॉरिकल प्लेच, हिस्टॉरिक मात्र कुणी म्हणणार नाही (मिशीवाला सोडून). ऐतिहासिक कादंबरी पण हिस्टॉरिकल नॉव्हेलच होते, ती गाजू दे नाहीतर रद्दीत जाऊ दे.

साताऱ्याकडं गेलं की जरा सांभाळून. 10 नोव्हेंबर 1659 ची प्रतापगडाची भेट हिस्टॉरिक, त्या काळातलं पत्र किंवा बखर सापडली तर ते हिस्टॉरिकल डॉक्युमेंट. खुद्द किल्ल्याला मात्र दोन्ही चालतात, तो जुना पण आहे आणि महत्त्वाचा पण, तिथं उगाच डोकं लावत बसू नका. मला विचाराल तर हिस्टॉरिक फोर्ट जास्त बरं वाटतं.

क्रियाविशेषण करायचं झालं तर दोन्हीचं एकच, हिस्टॉरिकली, तिथं चुकायला जागाच नाही. फक्त ही ट्रिक इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलला लावू नका, तिथं पहिला अर्थव्यवस्थेबद्दलचा आणि ए-एलवाला म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चातला, जशी जास्त ॲव्हरेज देणारी गाडी.