पुण्यात राहून बॉक्सिंगमध्ये करिअर करायचंय? मुलींसाठी थोडं सविस्तर

बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या मुली हल्ली पहिल्याच महिन्यात विचारतात, ताई, प्रो (म्हणजे पैसे घेऊन लढणारी व्यावसायिक बॉक्सर) कधी व्हायचं? त्यांनी मोबाईलवर केटी टेलर आणि अमांडा सेरानोची २०२२ ची फाईट बघितलेली असते, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच भरलंय आणि मेन फाईट दोन बायकांची, ते बघून कोणालाही वाटणारच. पण हीच केटी २०१२ ला लंडन ऑलिंपिकचं गोल्ड जिंकली, त्यानंतरही अमॅच्युअर (म्हणजे जिल्ह्यापासून ऑलिंपिकपर्यंतच्या मेडलच्या स्पर्धा) खेळत राहिली आणि २०१६ ला प्रो झाली. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, आधी काही वर्षं अमॅच्युअर नीट खेळा, घाई करू नका.

आपल्याकडे याला पोटाचंही कारण आहे. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, रेल्वे, पोलीस, आर्मी, दहावी-बारावीचे वाढीव गुण, हे सगळं अमॅच्युअरच्या सर्टिफिकेटवर मिळतं, प्रो फाईट कितीही जिंकलात तरी तिथे त्या धरत नाहीत. जास्मिन लंबोरिया २०२२ मध्ये बॉक्सिंगच्या जोरावर आर्मीत हवालदार झाली, आपल्या पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेनिंग केलं आणि २०२५ ला लिव्हरपूलमध्ये ५७ किलोत वर्ल्ड चॅम्पियन झाली. आणि पुण्याचीच देविका घोरपडे, २०२२ ला स्पेनमध्ये युथ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ५२ किलोचं गोल्ड घेऊन आली, त्यामुळे इथून होत नाही असं तर कोणी म्हणूच नये.

क्लब निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाणेर, कोरेगाव पार्क वगैरे भागात फिटनेस बॉक्सिंगचे क्लास भरपूर आहेत, वजन कमी करायला चांगले आहेत, पण स्पर्धा खेळायची असेल तर कोचना सरळ विचारा की मागच्या वर्षी जिल्ह्याला किती मुली उतरवल्या. शाळा-कॉलेजात असाल तर जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, बाकी जिल्हा, मग राज्य, मग नॅशनल हा ठरलेला रस्ता. जन्मदाखला, आधार, मेडिकल एका फाईलमध्ये कायम तयार ठेवा.

आता वजनाबद्दल, कारण मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि मोकळेपणाने कोणी बोलत नाही. अमॅच्युअरमध्ये ज्या दिवशी बाउट, म्हणजे लढत, त्या दिवशी सकाळी वजन, म्हणजे फायनलपर्यंत गेलात तर चार-पाच वेळा काट्यावर उभं राहायचं आणि दरवेळी गटात बसायचं. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, किलोभर वजन सहज वाढतं, आणि नेमकी तेव्हाच स्पर्धा आली की मुली दोन दिवस पाणी तोडतात, जॅकेट घालून धावतात, थुंकत बसतात. अंगात पाणी नसताना डोक्यावर ठोसे खाणं हे खरंच धोक्याचं आहे. रोज सकाळी वजन लिहा, बाजूला पाळीची तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत तुमचं शरीर कसं चालतं ते कळतं आणि कोचशी त्यावर बोला, कोच पुरुष असले तरी बोला, चांगल्या कोचला हे माहीत असायलाच हवं. पाळी बंद झाली म्हणजे वजन छान उतरलंय असं समजू नका, खाणं कमी पडतंय असा त्याचा अर्थ असू शकतो आणि पुढे हाडं कमजोर होतात, डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) अधूनमधून तपासा. खालच्या गटात मेडल सोपं म्हणून वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवणारे कोच आणि पालक, दोघांचाही मला राग येतो.

स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, आपल्या वजनाच्या मुली मिळत नाहीत ही इथली जुनी अडचण, मग मुलांबरोबर करावं लागतं. हरकत नाही, फक्त आधी ठरवून घ्या, आज नुसता जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), आज फक्त डिफेन्स, आणि १६ औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, माउथगार्ड हवंच. स्पॅरिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं, अंधारी आली तर त्याच दिवशी सांगा, लपवून दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये जाऊ नका. घरी "नाक मोडलं तर लग्न कसं होणार" हे ऐकावं लागतंच, माझ्या मते आईला एकदा स्पर्धेला घेऊन जा, रेफरी किती पटकन बाउट थांबवतो ते तिला स्वतः बघू दे.

एवढं सगळं करून प्रो व्हायचंच असेल तर हा वेगळाच कारभार आहे. अमॅच्युअरमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड आणि डोक्याला हेडगार्ड, प्रो मध्ये हेडगार्ड नाही, बायकांचे राउंड दोन मिनिटांचे, सुरुवातीला साधारण चार आणि टायटलच्या, म्हणजे किताबाच्या, फाईटला दहा, ग्लोव्हजही साधारण ६६ किलोपर्यंत ८ औंसचे, त्यामुळे ठोसा जास्त लागतो. वजन मात्र आदल्या दिवशी होतं. भारतात लायसन्ससाठी इंडियन बॉक्सिंग कौन्सिल आहे. सरिता देवी २००६ ची वर्ल्ड चॅम्पियन, तिने प्रो मध्ये पाऊल टाकलं ते २०१७ ला, इम्फाळमध्ये, म्हणजे केवढा अनुभव गाठीशी घेऊन! इथे निवड चाचणी नसते, प्रमोटर, म्हणजे फाईट भरवणारा, फोन करतो तेव्हा फाईट, आणि फाईट झाली तरच पैसे, मधले महिने तुमचे तुम्ही काढायचे, म्हणून नोकरी किंवा कोचिंग सोडू नका. आठवड्यावर फाईट आलीय आणि समोरची चार किलो जड आहे असं सांगितलं तर बिनधास्त नाही म्हणा. मॅनेजरच्या करारावर सही करण्याआधी तो ओळखीच्या वकिलाला वाचायला द्या, करार किती वर्षांचा, त्याचे टक्के किती, मेडिकल आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि फाईटमध्ये लागलं तर हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, हे त्यात लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या, तोंडी शब्दावर रिंगमध्ये उतरू नका.