मूळ संख्या शिकवताना या चुका टाळा

मूळ संख्या ओळखता आल्या नाहीत की आपण लगेच पाढ्यांवर खापर फोडतो. पण पाढे तोंडपाठ असलेली मुलंही ५१ ला बिनधास्त मूळ संख्या म्हणतात. त्यांनी भागून पाहिलेलंच नसतं. संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, झालं! ही अंदाजाने ठरवण्याची सवय बऱ्याचदा आपल्याच शिकवण्यातून लागते.

अर्धीमुर्धी व्याख्या

'जिला १ ने आणि स्वतःने भाग जातो ती मूळ संख्या' हे वाक्य कितीतरी वह्यांत सापडतं. असा भाग तर १२ लाही जातो! त्यापेक्षा 'जिला नेमके दोनच विभाजक असतात ती' असं सांगा आणि विभाजक लिहून काढायला लावा. ७ चे १ आणि ७. ८ चे १, २, ४, ८. मग १ चा घोळही तिथेच मिटतो: तिला विभाजक एकच, म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही (दोनपेक्षा जास्त विभाजक असलेली) नाही. 'नियमच आहे तसा' म्हणून मुलाला गप्प बसवू नका, कारण सांगता येतं. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, दुसरे कुठलेच नाहीत. १ ला मूळ मानलं तर पुढे हवे तितके १ जोडता येतील आणि उत्तर एक राहणारच नाही.

उदाहरणं देताना ३, ५, ७ वर थांबू नका. मूल मनातल्या मनात पुढे ९ लावतं. ९, १५, २१ आणि सम असूनही मूळ असलेली २ पहिल्याच दिवशी समोर येऊ द्या.

चाळणी नुसती रंगवून घेणे

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची चाळणी, म्हणजे मूळ नसलेल्या संख्या खोडत जायची पद्धत, आजही सगळ्यात उत्तम साधन आहे. १ ते १०० लिहा, १ वगळा, २ ला गोल करून तिच्या पुढच्या पटी खोडा, मग ३, ५, ७. इथे एक चूक फार लपून बसते. काही मुलं उड्या मोजताना आधी खोडलेली घरं सोडून देतात. ३ च्या वेळी योगायोगाने ९, १५, २१ असं बरोबरच येतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. ५ ची पाळी आली की मात्र ७, ११, १३, १७, १९ असं मोजून बिचारी १९ खोडली जाते. मुलाच्या तक्त्यात १९ खोडलेली दिसली तर आधी त्याची मोजणी बघा. खोडलेली घरंही मोजायचीच.

चाळणीतला सगळ्यात सुंदर भाग आपण घाईत सोडून देतो. ७ च्या वेळी नव्याने खोडाव्या लागतात फक्त ४९, ७७ आणि ९१. बाकीच्या पटी कुठे गेल्या? मुलांना शोधू द्या. १४, २८ दोनने नेल्या, २१ तीनने, ३५ पाचने. मग ११ घ्या: नवीन एकही खोडावी लागत नाही, कारण ११ × ११ = १२१, ती १०० च्या बाहेर. कुठे थांबायचं, हे इथे मुलाला स्वतःच उमगतं. उरतात २५ मूळ संख्या.

हे न समजता '२, ३, ५, ७ ने भागून पाहा' एवढंच पाठ केलं, तर १४३ ला दगा ठरलेला. ती ११ × १३ आहे. ही चौकडी १२० पर्यंतच पुरते.

३ ची कसोटी आणि ७ चा कंटाळा

२ आणि ५ साठी शेवटचा अंक पाहतात, म्हणून मुलं ३ लाही तेच लावतात आणि २३ ला ३ ने भाग जातो म्हणतात. तिथे अंकांची बेरीज करायची: ५१ ची ५ + १ = ६, म्हणजे भाग जातो. ७ साठी मात्र इतकी सोपी कसोटी नाही, म्हणून ९१ सर्वांत जास्त फसवते. ती फोडून दाखवा: ७० आणि २१. दोन्हींना ७ ने भाग जातो.

सरावाला ५१, ५७, ८७, ९१ यांच्याबरोबर ५३, ५९, ८९, ९७ द्या. 'मूळ आहे की नाही?' एवढंच विचारलं तर निम्मी उत्तरं नुसत्या अंदाजानेही बरोबर येतील. त्याऐवजी 'कशाकशाने भागून पाहिलंस आणि कुठे थांबलास?' असं विचारा आणि ते उत्तरासोबत लिहायला लावा.