‘दोन मीटर अचूकता’ म्हणजे काय, ते खळ्यावर मोजा

हलक्या, नेमक्या माऱ्याच्या अस्त्राची बातमी आली की ‘अचूकता २ मीटर’ हा आकडा पोरं वहीत उतरवतात आणि ‘२ मीटरच्या बाहेर काही पडत नाही’ असं समजतात. ही समजूत चूक आहे. तो आकडा ‘सीईपी’चा असतो, म्हणजे डागलेल्यांपैकी निम्मे ज्या वर्तुळात पडतात त्याची त्रिज्या. उरलेले निम्मे त्याच्या बाहेरच पडतात. सांगून हे डोक्यात बसत नाही, म्हणून मोजूनच पाहायचं.

सामान असं: एक तुऱ्हाटी, पाच मीटर सुतळी, मोजपट्टी, पसाभर राख आणि जुन्या लुगड्याच्या २० पोटल्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम कोरडी माती. गोटे घेऊ नका. सारवलेल्या टणक खळ्यावर ते घरंगळतात आणि मोजमाप खोटं पडतं.

तुऱ्हाटी रोवा. दहा मीटरवरून एकाच पोरानं, एकाच हातानं वीसही पोटल्या फेकायच्या. प्रत्येकीचं तुऱ्हाटीपासूनचं अंतर लिहा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. दहाव्या आणि अकराव्या अंतराच्या मधोमध जे येईल, ती तुमची सीईपी. तेवढी सुतळी धरून राखेचं वर्तुळ काढा, मग दुप्पट सुतळीचं दुसरं. पोटल्या सगळ्या दिशांना सारख्या विखुरल्या, तर दुसऱ्या वर्तुळात विसातल्या साधारण एकोणीस येतात.

प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं. हातानं फेकलेलं डाव्या-उजव्यापेक्षा लांब-आखूड जास्त पडतं, त्यामुळे घोळका लांबट होतो. घोळकाच एका बाजूला सरकला असेल, तर वारा किंवा हाताची खोड. घोळक्याचा मध्य तुऱ्हाटीपासून किती सरकला ते वेगळं लिहा, विखुरण्यात मिसळू नका. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका, दुपारच्या वाऱ्यात काही हाती लागत नाही.

आता स्फोटकाचं वजन. नागपूरला बनणारं नागास्त्र-१ सुमारे ९ किलोचं, त्यात स्फोटक भाग १ किलो. (हे खरं तर क्षेपणास्त्र नव्हे, घिरट्या घालून झेपावणारं ड्रोन आहे.) अमेरिकेचं हेलफायर क्षेपणास्त्र ५० किलोच्या आसपास, स्फोटक भाग ८-९ किलो. वजन आठवा हिस्सा झालं म्हणून धोक्याचं अंतर आठवा हिस्सा होत नाही. स्फोटाचा तेवढाच दाब जाणवण्याचं अंतर वजनाच्या घनमुळाने बदलतं, म्हणजे इथे फक्त निम्मं होतं. उडणारे तुकडे तर हाही हिशेब पाळत नाहीत, ते धुऱ्यापलीकडेही जातात. म्हणून सीईपीचं वर्तुळ आणि इजेचं वर्तुळ नेहमी दोन वेगळ्या सुतळ्यांनी काढा. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

मार्गदर्शन कशाचं आहे तेही पाहा. लेझरचं असेल, तर लक्ष्यावरचा ठिपका शेवटपर्यंत टिकावा लागतो, धूळ, धूर किंवा ढग मध्ये आला की साखळी तुटते. उपग्रहाचं असेल, तर दिलेल्या अक्षांश-रेखांशावर अस्त्र इमानानं जातं, ते चुकीचे असले तरी. ऐनवेळी मारा थांबवता येतो का, हेही विचारा. नागास्त्र-१ मोहीम रद्द झाली तर पॅराशूटनं उतरवून परत घेता येतं, आणि निरपराध वाचवायला ही सोय २ मीटरच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

शेवटची फेरी जरूर घ्या. तुऱ्हाटी उपटून तीन मीटर बाजूला रोवा आणि जुन्या जागी राखेची फुली ठेवा, ती खऱ्या लक्ष्याची जागा समजा. फेकणाऱ्यानं तुऱ्हाटीवरच नेम धरायचा. सीईपी जवळजवळ तीच येईल, फुलीजवळ मात्र क्वचितच काही पडेल. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये हेलफायरनं नेम धरलेल्याच गाडीवर मारा केला. दहा नागरिक गेले, त्यातली सात लेकरं होती. अस्त्र चुकलं नव्हतं, गाडी ओळखण्यात चूक झाली होती. म्हणून वहीत सीईपी, स्फोटकाचं वजन, मार्गदर्शन आणि मारा रोखण्याची सोय या चार रकान्यांपुढे पाचवा आखा: तुऱ्हाटी कुणी रोवली, कशाच्या आधारावर.