कार्पच्या तळ्यावर गळ टाकायला निघण्याआधी

आमच्याकडे गोव्यात पेडणे-डिचोलीच्या बाजूला गळ टाकणारा माणूस कॅलेंडर बघून घरातून निघतो. पुनव-अमावास्येचं उधाण कधी, अष्टमीचा भांग (कमी भरती-ओहोटी) कधी, मानशीची, म्हणजे खाडीच्या बांधातल्या झडपेची, दारं कधी उघडणार, हे त्याला तोंडपाठ असतं. चोणक, तांबोशी, काळुंद्र सगळे पाण्याच्या ओढीबरोबर येतात आणि जातात. त्याच माणसाला पहिल्यांदा गोड्या पाण्याच्या बांधीव, सोयीच्या तळ्यावर जायचं असतं, तेव्हा यातलं जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. तिथे भरती नाही, ओहोटी नाही, आणि लागलेला मासा घरी आणायचाही नसतो. म्हणून तयारी वेगळी करावी लागते, आणि ती बरीचशी आदल्या दिवशी घरातच होते. गेली काही वर्षं मी आणि माझे मामा अशा तळ्यावर जातो. दर वेळी निघण्याआधी मनातल्या मनात जी यादी घोकतो, ती इथे मांडतो.

सगळ्यात आधी फोन. तळं सोयीचं आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे विचारून घ्या. बसायला बांधलेला चौथरा आणि वर छप्पर आहे का, मोठी हातजाळी, मासा ठेवायची जाड गादी, वजनाची झोळी आणि काटा तिथे मिळतो का? मिळत असेल तर आपली जाळी नेऊच नका. एका तळ्यातली ओली जाळी दुसऱ्यात बुडवली की रोग आणि माशांच्या उवा तिच्याबरोबर जातात. पुढचे प्रश्न नियमांचे. एका माणसाला किती रॉड चालतात, रात्री बसू देतात का, ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी चालते का, बिनकाट्याचा, म्हणजे टोकाजवळची उलटी अणी नसलेला, गळ सक्तीचा आहे का, चाऱ्यात शेंगदाणे चालतात का? (पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत, कारण बुरशी आलेला दाणा माशाला घातक असतो.) तळ्याची खोली विचारा आणि कोणते मासे सोडलेत तेही विचारा. तळ्याच्या राखणदाराशी पाच मिनिटं नीट बोललात, तर तो वाराही सांगेल आणि जागाही. सार्वजनिक धरणांची गोष्ट वेगळी आहे. साळावलीसारख्या धरणाचं पाणी लोक पितात, तिथे परवानगीशिवाय चारा ओतू नये. अभयारण्याच्या हद्दीत तर गळ टाकायचाच नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे.

कोणता मासा आहे त्यावर पुढची सगळी तयारी ठरते. आपल्या देशी कार्पमध्ये कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळाचा चिखल तोंडाने उपसतो. त्याच्या ओठांच्या कडेला दोन जोड्या मिश्या असतात आणि त्यांनी तो चव घेतो. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो. कटल्यासाठी चारा तळाला सोडून दिवसभर बसलेले लोक मी पाहिलेत. म्हणून हे आधी विचारा.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. आपले चढणीचे मासे पहिल्या पावसात ओहोळातून वर चढतात, तशीच काहीशी ही ओढ. १९५७ साली ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करवून दाखवली, तेव्हापासून तळ्यांना हमखास बीज, म्हणजे सोडायला पिल्लं, मिळू लागलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याच कामाची आठवण आहे. तळ्यात दिसणारा दहा किलोंचा कटला कुणीतरी बोटाएवढा असताना आणून सोडलेला असतो आणि वर्षानुवर्षं सांभाळलेला असतो. हे डोक्यात असलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत.

आता सामान. खाडीवरची पेटी उघडा आणि आधी काय काढून ठेवायचं ते बघा. तीन टोकांचे गळ लावलेले प्लास्टिकचे मासे घरी राहू द्या. ब्रेडेड दोरी मोठ्या माशाच्या अंगात घुसते, खवले कापते, तीही घरी. साधी नायलॉन दोरी १२ ते १५ पौंडांची पुरते. रॉड १२ फुटी, वाकणारा, खाडीवरच्या आखूड कडक काठीसारखा नको. कार्पचा ओठ मऊ आणि मांसल असतो, कडक काठीने हिसडा दिला की तो फाटतो. रील फ्री-स्पूलचं असलं तर उत्तम, म्हणजे मासा चारा घेऊन पळाला तरी दोरी मोकळी सुटते. तसं नसेल तर ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल ठेवा. ड्रॅग आवळून रॉड ठेवला आणि चहाला गेलात, तर परत येईपर्यंत रॉड तळ्यात गेलेला असतो. गळ ६ किंवा ८ नंबरचे, बिनकाट्याचे. ते मिळाले नाहीत तर पकडीने काटा दाबून सपाट करा आणि कापसाच्या बोळ्यावर ओढून बघा, तंतू अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. शिसं ६० ते ८० ग्रॅमचं, पण ते क्लिपवर असं लावा की दोरी तुटली तर शिसं सुटून पडेल. नाहीतर तो मासा शिसं ओढत फिरत राहतो आणि कुठल्यातरी मुळात अडकून मरतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायला विसरू नका, कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी कच्ची होते.

हेअर रिग आदल्या रात्री दिव्याखाली बसून चार-पाच बांधून ठेवा. ही इंग्लंडमधल्या कार्पवाल्यांची युक्ती, लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९८०च्या सुमारास पुढे आणलेली. चारा गळात टोचायचा नाही, गळाच्या मागे केसाएवढ्या बारीक दोरीवर ओवायचा. कार्प चारा तोंडात ओढतो, नको वाटला की फुंकून टाकतो, आणि तेवढ्यात मोकळा गळ त्याच्या खालच्या ओठात बसतो. ओठातच बसत असल्यामुळे काढणंही सोपं आणि माशाला इजाही कमी.

चाऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. मका दोन दिवस आधी काढा. कोरडे दाणे २४ तास भिजवून मग अर्धा तास तरी उकळायचे. कच्चे दाणे पाण्यात टाकले तर ते माशाच्या पोटात फुगतात. कार्पला जठर नसतं, दातही तोंडात नसून घशात असतात, त्याच्यावर हा भार टाकू नये. उकळलेला मका त्याच पाण्यात झाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी जरा आंबूस वास सुटतो. तो वास माशांना आवडतो, स्वयंपाकघराला आवडत नाही, म्हणून भांडं पडवीत ठेवा.

गोळ्यांसाठी गव्हाची कणीक दोन वाट्या, भाजलेलं बेसन एक वाटी, खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची पेंड एक वाटी. शेंगदाणे वर्ज्य असतील तर पेंड खोबऱ्याचीच घ्या. आपल्याकडे ती ताजी मिळते, पण खवट वास आला तर टाकून द्या. दोन-तीन अंडी फोडून त्यात मळायचं, थेंबभरही पाणी घालायचं नाही. पीठ पुरीच्या कणकेहून घट्ट हवं, वळताना तळहाताला चिकटता कामा नये. बोराएवढ्या गोळ्या वळा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं सोडा, वर तरंगल्या की झाऱ्याने काढून सुपात पसरा. रात्रभर पंख्याखाली सुकल्या की वरचं कवच टणक होतं आणि बारक्या माशांच्या टोचण्यांना दाद देत नाही. वासासाठी बडीशेप कुटून घालतो. काहीजण काष्ठौषधीच्या दुकानातून एकांगी आणतात. तिचा वास पाण्यात लांब जातो, पण चिमूटभरच घालावी. वर तरंगत्या चाऱ्यासाठी पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) आदल्या दिवशीचा उंडा, म्हणजे गोल कडक पाव, ठेवा, त्याचं कडक साल गळावर छान टिकतं.

किती न्यायचा? एका दिवसाला एका माणसाला दोन किलोंहून जास्त नको. ओतला की मासे येतात असं नाही. उरलेला चारा तळाशी कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. ओंजळभर टाका, वाट बघा, मग पुन्हा ओंजळभर. पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएच्या पिशव्या वापरत असाल तर त्या झाकणाच्या बरणीतच ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्यावर त्या तासाभरात चिकट होतात, आणि ओल्या हाताने धरल्या की गेल्याच.

पहिल्या खेपेला माझ्या हातून एक चूक झाली होती, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहितो. मार्च महिना होता, दुपारचे बारा. सहा किलोंचा रोहू लागला. आनंदाच्या भरात मी तो जाळीतून काढला आणि काठच्या चिऱ्यावर ठेवला. चिरा इतका तापलेला होता की माझा तळवा टेकवत नव्हता. मासा एकदा उसळला आणि खाली पडला. चिऱ्यावर चार खवले चिकटून राहिले, रुपयाएवढे, कडेला गुलाबी. राखणदार धावत आला, त्याने बादलीभर पाणी ओतलं, मासा गादीवर घेतला आणि काही न बोलता गळ काढून दिला. ते खवले मी विसरलेलो नाही. म्हणून गादी आधी पाण्याने भिजवा, सावलीत मांडा, शेजारी भरलेली बादली ठेवा. हे सगळं पहिला गळ पाण्यात पडायच्या आधी. हात ओले करूनच माशाला धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगापासूनचं चिलखत, कोरड्या हाताने आणि फडक्याने तो निघून जातो. फोटो काढायचा तर गुडघे टेकून, गादीच्या वरच, मासा जमिनीपासून वीतभर उंचीवर. उभं राहून छातीशी धरू नका. सोडताना पाण्यात सरळ धरून ठेवा, कल्ले नीट हलू लागले की तो आपणहून निघतो.

मामांनी पहिल्यांदा विचारलं होतं, “अरे, परतच सोडायचा तर एवढा खटाटोप कशाला?” मग त्यांना नऊ किलोंचा कटला लागला. वीस मिनिटं झुंजला. सोडल्यावर मामा गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले, बराच वेळ. त्यानंतर गादी भिजवायचं काम ते स्वतःकडे घेतात. तसंही कार्पला मातकट वास असतो आणि अंगभर बारीक काटे. हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, बाजारातून बांगडे घेऊन या.

तळ्यावर आवाज करू नका, हे सांगायला सोपं आहे. कारण कळलं तर पाळणंही सोपं जातं. कार्पच्या कुळातल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, म्हणून त्यांना फार चांगलं ऐकू येतं. चौथऱ्यावर पेटी आपटली की ते खोल जातात. मोबाइल बंद ठेवला तरी बाइट अलार्म, म्हणजे मासा दोरी ओढू लागला की वाजणारी घंटी, वाजतो, त्याचा आवाज कमीत कमी ठेवा. हा विजेवरचा अलार्म रूढ केला तो इंग्लंडच्या रिचर्ड वॉकर यांनी. त्यांनीच १९५२ साली रेडमायर तलावावर ४४ पौंडांचा, म्हणजे २० किलोंच्या आसपासचा कार्प धरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात पुढे कित्येक वर्षं जगला. वॉकर यांचं नाव घ्यायचं ते वजनासाठी नाही, मासा जिवंत पोचवण्यासाठी.

वेळ कोणती? पाऊस संपून गढूळपणा खाली बसला की दिवस चांगले. उन्हाळ्यात पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, त्यामुळे ऊन वर येईपर्यंत मासे सुस्त वाटले तर धीर सोडू नका. मळभ असलेल्या कोंदट दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसले, तर गळ गुंडाळा आणि राखणदाराला सांगा. ते मासे भुकेने वर आलेले नसतात. वारा ज्या काठाला लागतो, तिकडे बसा.

स्वतःसाठी टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखर, पायात बंद बूट. शेताच्या बांधावरून आपण पाय आपटत चालतो, तळ्यावर तसं चालता येत नाही, म्हणून संध्याकाळी टॉर्च हवाच. सुक्या गवतात घोणस असते. चावलाच साप तर बांधाबांधी, चिराचिरी नको. पाय न हलवता १०८ला फोन करा. हातापायाला जखम असेल तर पट्टी लावूनच पाण्यात उतरा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. डासांचं मलम लावलेल्या हाताने चाऱ्याला शिवू नका. मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून छपराखाली जा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, आणि १२ फुटांची काठी उघड्यावर उभी धरणं जिवावर बेतू शकतं. विजेच्या तारांखालीही तेच.

एक रिकामी बरणी खास तुटलेल्या दोरीसाठी न्या. नायलॉनचा हातभर तुकडाही पाणकोंबडीच्या पायात गुंततो, मग ती चिखलात फिरू शकत नाही. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला, गोव्यातलं ते पहिलं. तिथे हिवाळ्यात पक्षी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

घरी आलात की सामान तसंच कोपऱ्यात ठेवू नका. रील पुसा, उरलेला मका गुरांना घाला. स्वतःची जाळी किंवा गादी नेली असेल तर ती साध्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या, शिवणीत बोट घालून बघा. तिथे ओल राहिली असेल तर अजून एक दिवस.