छोटा निओ-गॉथिक किल्ला कसा पाहायचा

निओ-गॉथिक म्हणजे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची पुढच्या काळात हौसेने केलेली नक्कल. असा किल्ला पाहताना लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. लंडनजवळ ट्विकेनमला ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे किल्ल्यासारखं घर पाहताना मी हेच केलं. पांढऱ्याशुभ्र भिंती, वर चर्या (तटावर असतात तसे दातेरी कठडे), एका टोकाला गोल बुरूज, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी मुळीच न जुळणाऱ्या. ही विषमता मुद्दाम आहे. शतकानुशतकं वाढत गेलेल्या जुन्या वास्तूचा भास हवा होता. प्रत्यक्षात ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट वॉलपोल यांचा मुलगा होरेस याने १७४७ मध्ये इथलं साधं घर घेतलं आणि १७७६ पर्यंत तो त्यात भर घालत राहिला.

मग चर्या, बुरूज लढाईचे की हौसेचे ते ठरवा. खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी बघा. तोफगोळा झेलणारी भिंत इतकी पातळ नसते, आणि बुरुजाला एवढ्या मोठ्या खिडक्याही नसतात.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ गॅलरीच्या, म्हणजे इथल्या लांब दालनाच्या, छताला द्या. मान दुखेपर्यंत बघा! पंख्यासारख्या उलगडत जाणाऱ्या सोनेरी कमानी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधल्या, राजा सातव्या हेन्रीच्या चॅपेलवरून (छोट्या प्रार्थनागृहावरून) घेतल्यात; पण तिथे दगड आहे, इथे कागदाचा लगदा. मला यात फसवणूक वाटत नाही. दगडाचं वजन नसल्यामुळेच राहत्या घरात हे छत शक्य झालं.

ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांवरच्या टोकदार कमानी चुकवू नका. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीत गेलेल्या जुन्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या (मोठ्या चर्चमधल्या) एका दाराचं छापील चित्र बघून त्या केल्या आहेत.